घरखर्चाची वही : दोन इंधनांची गाडी

यंदा रथसप्तमीस हरिहरेश्वरीं कुलदैवताच्या दर्शनास गेलों असतां वहिनींची प्रदक्षिणा राहिली, आणि त्यांतून या महिन्याचा विषय निघाला. ज्यांचें हें कुलदैवत आहे त्यांस सांगावयास नको. इतरांसाठीं सांगतों कीं, येथें आधीं काळभैरवाचें, मग हरिहरेश्वराचें आणि पुन्हां काळभैरवाचें दर्शन घ्यावयाचें, व नंतर डोंगराभोंवतीं प्रदक्षिणेस निघावयाचें, असा परिपाठ आहे. ही वाट कातळाच्या घळींतून पायऱ्यांनीं थेट समुद्रापर्यंत उतरते आणि लाटांनीं जाळीसारख्या कोरून काढलेल्या खडकांवरून डोंगरास वळसा घालते. भरतीच्या वेळीं तींतला बराचसा भाग पाण्याखालीं असतो. तेव्हां येथें मुहूर्त पाहावयाचा तो पंचांगांतल्या ओहोटीचा.

आम्ही लहानमोठीं मिळून अकरा माणसें. पुण्याहून दोन भाड्याच्या गाड्या ठरविल्या होत्या. पहिली पहाटे पांचास दारीं आली, दुसरी साडेसातास. तिचा चालक रात्रीं उशिरां दुसरी फेरी करून परतला होता, असें कळलें. ताम्हिणी उतरून निजामपूर, माणगांव, म्हसळें, श्रीवर्धन करीत देवळाशीं पोंचलों तों दीड वाजून गेला होता. ओहोटी अकराच्या सुमारास होऊन गेलेली. "आतां खालीं उतरूं नका," असें तेथल्या मंडळींनीं स्पष्ट सांगितलें, आणि तें योग्यच होतें. त्या खडकांवर बेसावध माणसें लाटेनें ओढून नेल्याचे प्रसंग घडलेले आहेत. वहिनींचें वय अडुसष्ट. गेल्या वर्षीं दोन्हीं गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, आणि स्वतःच्या पायांनीं प्रदक्षिणा करीन असें त्या देवास बोलल्या होत्या. पायऱ्यांच्या माथ्यावर त्या हात जोडून पांच मिनिटें उभ्या राहिल्या आणि कांहीं न बोलतां परत फिरल्या. गाड्या एकाच दिवसाच्या बोलीच्या. आत्याच्या घरीं रात्रीं राहून दुसऱ्या दिवशींची ओहोटी साधावी, अशीही सोय नव्हती.

परतीच्या वाटेवर पुतण्या मागच्या आसनावरून म्हणाला, "काका, घरची एक मोठी गाडी असती तर आईची प्रदक्षिणा राहिली नसती."

या वाक्यास उत्तर नव्हतें. म्हणूनच वही उघडावी लागली.

पुतण्या इंजिनियर आहे, आणि त्यानें नुसतें वाक्य टाकलें नव्हतें. त्याच्या मनांत गाडी ठरलेली होती. सात आसनांची, उंच, आलिशान आणि 'प्लग-इन हायब्रिड'. त्याच जातीची गाडी माझ्या मुलानें न्यू जर्सींत तीन वर्षांच्या भाडेपट्ट्यानें, म्हणजे लीजनें, घेतली आहे, आणि दोघां चुलत भावांचें त्यावर बोलणें झालेलें दिसलें. पैसा कोठून यावयाचा, याचेंही उत्तर तयार होतें. आत्याच्या घरामागें आमची चाळीस गुंठ्यांची सुपारीची वाडी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळांत तींतली निम्म्याहून अधिक झाडें आडवीं झालीं, आणि समुद्राकडचे वीस गुंठे तेव्हांपासून जवळजवळ मोकळेच आहेत. मुंबईचे एक गृहस्थ तेथें निवासगृह बांधूं इच्छितात. त्यांनीं सांगितलेला आंकडा येथें लिहीत नाहीं. गाडीची किंमत भागून थोडें उरेल इतका तो आहे. दादा येत्या वर्षीं कामांतून निवृत्त होतात. "पडक्या वाडीची चालती गाडी होते," असें पुतण्याचें म्हणणें.

ही गाडी म्हणजे काय, हें आधीं समजून घेऊं. कारण आमच्याच घरांत चौघांच्या चार समजुती निघाल्या. साध्या हायब्रिडमध्यें पेट्रोलचें इंजिन आणि विजेची मोटर दोन्हीं असतात, परंतु बॅटरी लहान. ती इंजिनानें आणि ब्रेक लावतांना वांचलेल्या शक्तीनें भरते. तिला भिंतींतल्या विजेशीं कर्तव्य नसतें. आपल्याकडे इनोव्हा हायक्रॉसची हायब्रिड ही त्या जातीची. केवळ विजेच्या गाडींत इंजिनच नाहीं. प्लग-इन हायब्रिड ही या दोहोंच्या मधली : बॅटरी साध्या हायब्रिडच्या दहापट मोठी, रात्रीं घरच्या प्लगला लावून भरावयाची; सकाळीं पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर ती पेट्रोलचा थेंबही न जाळतां जाते, आणि वीज सरली कीं इंजिन सुरू होऊन पुढें नेतें. शहरांत विजेची, परगांवीं पेट्रोलची, अशी ही दोन सासरांची सून आहे. दोन्हीं घरचें वजनही तीच वाहते, हें मात्र विसरूं नये.

हिंदुस्थानांत ही जात फारशी रुजली नाहीं. व्होल्व्होनें २०१६ सालीं एक्ससी ९० टी ८ येथें आणली, ती सव्वा कोट रुपयांची, आणि तिच्या त्या सर्वांत उंची आवृत्तींत आसनें होतीं अवघीं चार. (आमच्या घरास तशा तीन लागल्या असत्या.) पुढें सात आसनांचीही आली. परंतु मार्च २०२५ मध्यें जी नवी एक्ससी ९० येथें विक्रीस आली, तिला प्लगच नाहीं; ती सौम्य हायब्रिड आहे. डिसेंबर २०२२ मध्यें बी.एम्.डब्ल्यू.नें एक्सएम नांवाची गाडी दोन कोटि साठ लाखांस आणली. तिचें वजन सुमारें २७०० किलो, आणि विजेवर ती कारखान्याच्या कसोटीप्रमाणें ८२ ते ८८ किलोमीटर जाते. ती आमच्या चर्चेंत आली नाहीं. देवाच्या वाटेवर इतका अहंकार नको, असें दादाच म्हणाले.

आतां पुण्याहून हरिहरेश्वरची वाट घ्या. ताम्हिणीमार्गें ती पावणेदोनशें किलोमीटरांच्या आसपास भरते. मुलाच्या गाडीची बॅटरी भरलेली असली कीं पस्तीस मैलांच्या जवळपास, म्हणजे ५६ किलोमीटर, ती विजेवर जाते. तेव्हां मुळशीचें पाणी दिसूं लागून ताम्हिणीची झाडी सुरू होते न होते तोंच वीज संपणार, आणि उरलेले सव्वाशें किलोमीटर रिकामी बॅटरी पोटाशीं बांधून पेट्रोलवर जावयाचें. नुसत्या पेट्रोलवर ही गाडी अमेरिकी सरकारच्या कसोटींत गॅलनला २७ मैल, म्हणजे लिटरला साडेअकरा किलोमीटर देते. घाट उतरतांना चाकेंच मोटर फिरवून थोडी वीज परत बॅटरींत घालतात, हें खरें. पुतण्यानें यावर भर दिला, म्हणून तेंही मांडून पाहिलें : गाडी व माणसें मिळून २९०० किलो वजन पांचशें मीटर खालीं आलें, तर त्यांत चार युनिटांची शक्ति असते, वारा, टायर आणि यंत्र यांचा वांटा जाऊन दोन युनिटें हातीं लागलीं तर पुष्कळ. त्यावर सात-आठ किलोमीटर. निजामपूरच्या चहापर्यंत पोंचतां येईल.

याचा अर्थ गाडी वाईट असा नव्हे. ती ज्या कामासाठीं घडविली तें काम हें नव्हे. रोज तीस-चाळीस किलोमीटर कचेरीस जाऊन येणाऱ्या आणि रात्रीं स्वतःच्या अंगणांत प्लग लावणाऱ्या माणसास ती फार सोयीची. माझा मुलगा तसाच आहे. त्याची कचेरी पंधरा मैलांवर, घराला स्वतःचें गॅरेज, आणि तो सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पेट्रोलपंपाचें तोंड पाहत नाहीं.

बचतीचा हिशेबही सांगतों. ती बॅटरी पूर्ण भरावयास भिंतींतून सुमारें सतरा युनिटें घ्यावीं लागतात. घरगुती विजेचे वरच्या टप्प्याचे दर धरून युनिटास बारा रुपये मोजले तर दोनशें चार रुपये. तेवढेंच अंतर पेट्रोलवर जावयास पांच लिटरांस किंचित् कमी लागेल. लिटरास १०३ रुपये धरतां सुमारें पांचशें. म्हणजे एका भरणीमागें तीनशें रुपये शिल्लक. वर्षांतून तीनशें दिवस न चुकतां प्लग लावला तर नव्वद हजार. पुतण्या या आंकड्यानें खूष झाला. पण वहीचें दुसरें पान असतें. अशा गाडीस सर्व कर भरून रस्त्यावर येईपर्यंत एक कोटि वीस लाख पडले असें धरा. तेवढी रक्कम बँकेंत सात टक्क्यांनीं राहिली असती तर वर्षाचे आठ लाख चाळीस हजार, महिन्याचे सत्तर हजार. वर्षभर रात्रीं उठून प्लग लावल्याचें सारें पुण्य सव्वा महिन्याच्या व्याजांत संपतें. शिवाय पांच वर्षांनीं ती गाडी अर्ध्या किंमतीस गेली, तर साठ लाख बुडाले. महिन्यास एक लाख. व्याज आणि घट मिळून महिना एक लाख सत्तर हजार, आणि यांत विमा, टायर, चालक व दुरुस्ती आलेली नाहींत. ज्याला ही गाडी आवडते व परवडते त्यानें ती अवश्य घ्यावी. परंतु पेट्रोल वांचतें म्हणून घेतों असें म्हणूं नये. रेशमी शालू धुण्यास साबण कमी लागतो म्हणून घेतल्यासारखें तें होईल.

करांचीही गंमत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वीं मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर वस्तु व सेवा कर आणि उपकर मिळून ५० टक्के पडत, आणि हायब्रिडवर ४३. सात टक्क्यांची ती सवलत त्या दिवशीं संपली. आतां दोहोंवर सारखाच ४० टक्के कर आहे. केवळ विजेच्या गाडीवर मात्र ५ टक्केच. म्हणजे प्लग असूनही सरकारच्या लेखीं ही पेट्रोलचीच गाडी. महाराष्ट्रांत वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीस व्यक्तीच्या नांवावर नोंदवितांना १३ टक्के मोटार कर पडतो, कंपनीच्या नांवावर त्याहून अधिक. दहा लाखांवरच्या गाडीस विक्रेता आणखी एक टक्का प्राप्तिकरापोटीं कापून घेतो. तो मात्र विवरणपत्र भरतांना वळता करून घेतां येतो, इतकेंच समाधान.

यावर पुतण्याची दुसरी सूचना : विकत नको, लीजनें घेऊं. "दादासाहेब घेतात तशी." दादासाहेब म्हणजे माझे चिरंजीव.

लीजचें मर्म असें, कीं तुम्ही गाडीची किंमत देत नाहीं. तुमच्या हातीं असतांना ती जितकी झिजेल तितक्याची घट आणि अडकलेल्या पैशाचें व्याज देतां. मुदत संपली कीं गाडी परत. अमेरिकेंत बहुधा तीन वर्षें, वर्षाला दहा-बारा हजार मैल. त्याहून जास्त चालविली तर प्रत्येक मैलास दंड, आणि ओरखडे, पोचे यांचा हिशेब शेवटीं. मुलास ती स्वस्तांत पडली, परंतु कां पडली हें त्यानें चुलत भावास सांगितलें नव्हतें. मीं विचारल्यावर सांगितलें. २०२२ च्या कायद्यानें अमेरिकेंत अशा गाड्यांवर ७५०० डॉलरपर्यंतची करसवलत होती. ती विकत घेणारास मिळावयाची तर गाडी उत्तर अमेरिकेंत जुळविलेली पाहिजे, आणि ही येते स्वीडनहून. पण भाड्यानें देणाऱ्या कंपनीस व्यापारी वाहनाच्या कलमाखालीं तीच सवलत मिळे, जुळणीची अट नसे. आणि कंपनी ती भाड्यांतून वळती करून देई. म्हणून हजारों लोकांनीं विकत घेण्याऐवजीं लीज केली. ३० सप्टेंबर २०२५ रोजीं ती सवलत बंद झाली. मुलाची लीज संपेल तेव्हां दुसरी त्याच भाड्यानें मिळणार नाहीं, हें तो आतां जाणून आहे. परक्या मुलुखांतली स्वस्ताई आपल्या अंगणांत तशीच उगवत नाहीं.

आपल्याकडे लीजचा खरा उपयोग नोकरदारास व धंदेवाल्यास. कंपनी गाडी लीजनें घेते, भाडें पगाराच्या रचनेंत बसवते, आणि कर थोडा हलका होतो. निवृत्त होणाऱ्या माणसास व एकत्र कुटुंबाच्या सामाईक खर्चास त्यांतलें कांहींच लागू नाहीं. मुदतीपूर्वीं गाडी परत करावयाची झाली तर भरपाई द्यावी लागते, आणि पंचाहत्तरीकडे झुकलेल्या घरांत चार वर्षांचे करार करतांना मनुष्यानें हें कलम आधीं वाचावें. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. गाडी आपली नाहीं म्हणून जबाबदारीही आपली नाहीं, असें नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत 'मालक' या शब्दाची जी व्याख्या आहे, तींत लीजवरील गाडीचा मालक म्हणजे त्या कराराखालीं जिच्या ताब्यांत गाडी आहे ती व्यक्ति, असें म्हटलेलें आहे. किंमत दुसऱ्याची, तोरा आपला, आणि अपघात झाला तर कोर्टाची पायरीही आपली.

लीजचा एक गुण मात्र मी मनापासून मान्य करतों, आणि तो एकत्र कुटुंबांतच कळतो. भाड्याची वस्तु वांटणींत येत नाहीं. आमच्या आजोबांनीं घेतलेली मोटार त्यांच्या मागें चार वर्षें अंगणांत गंजत उभी होती. ती कोणीं घ्यावी हें ठरेना, आणि कोणास द्यावी हें कोणी बोलेना. शेवटीं भंगारवाल्यानें नेली. एकाच्या नांवावर, सर्वांच्या पैशानें, आणि एकाच्याच किल्लीनें चालणारी वस्तु घरांत आणावयाची म्हणजे वादाचें बीं पेरणें आहे. पुतण्यानें गाडी कोणाच्या नांवावर घ्यावयाची याचा विचार केला होता काय, असें मीं विचारलें, तेव्हां तो प्रथमच गप्प बसला.

युरोपांतला अनुभव या ठिकाणीं सांगण्याजोगा आहे. कारखान्याच्या कसोटींत या गाड्या अगदीं थोडें पेट्रोल पितात, म्हणून तेथल्या सरकारांनीं त्यांस पुष्कळ सवलती दिल्या. २०१३ च्या सुमारास हॉलंडमध्यें करसवलतीपायीं मित्सुबिशी आउटलँडर प्लग-इन हायब्रिड इतकी खपली कीं पुढें सरकारला सवलती आंखडाव्या लागल्या. पण प्रत्यक्ष रस्त्यावर काय घडलें? २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत, खाजगी मालकांच्या गाड्या कसोटीच्या सुमारें तिप्पट इंधन जाळतात, आणि कंपनीनें दिलेल्या पांचपट, असें दिसून आलें. खाजगी मालक जवळजवळ निम्मा प्रवास विजेवर करीत. कंपनीच्या गाड्या दहा ते पंधरा टक्केच. युरोपीय आयोगानें गाड्यांच्या यंत्रांतच नोंदलेली माहिती गोळा करून मार्च २०२४ मध्यें अहवाल दिला, त्यांत प्रत्यक्ष धूर कसोटीच्या साडेतीनपट निघाला. कारण समजावयास तज्ज्ञ नको. ज्याचें पेट्रोल कंपनी भरते आणि वीज मात्र स्वतःच्या मीटरावर पडते, तो प्लग कशाला लावील? ब्रिटनमध्यें २०१८ सालीं तर कांहीं गाड्या लीजची मुदत संपून परत आल्या, तेव्हां प्लगच्या तारा कारखान्याच्या पिशवींतून बाहेरही निघाल्या नव्हत्या, अशी बातमी आली होती.

हें वाचून दाखविलें तेव्हां आमच्या सूनबाईंनीं एकच विचारलें, "आणि आपल्याकडे प्लग लावणार कोण?" पुण्यांत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतों. खालीं गाड्या लावण्याची जागा सोसायटीची, मीटर सोसायटीचा, आणि सोसायटीच्या सभेचा अनुभव सर्वांस आहे.

हरिहरेश्वरीं प्लग आहे. आत्याच्या पडवींत पाण्याच्या गिझरसाठीं पंधरा अँपिअरचा एक बसविलेला आहे. त्यावर ही बॅटरी सहा तासांत भरेल. विहिरीच्या पंपाचाही आहे, परंतु ती जोडणी शेतीची. तिची वीज मोटारीस घालणें नियमाबाहेरचें होय, आणि आत्या तें करूं देणार नाहीं. घराची जुनी वायर व जमिनींत पुरलेली अर्थिंगची तार ही आधीं जाणत्याकडून तपासून घ्यावी लागेल. समुद्राच्या खाऱ्या हवेंत तांब्याचे सांधे हिरवे पडतात, आणि सहा तास सारखा प्रवाह वाहिला कीं तेच तापतात. ज्यांचें किनाऱ्यावर घर आहे आणि विजेची कसलीही गाडी आहे, त्यांनीं हें मनावर घ्यावें.

चक्रीवादळाची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. निसर्ग आला तेव्हां श्रीवर्धन, म्हसळें या भागांत विजेचे खांब हजारोंनीं पडले आणि कित्येक गांवांत अनेक आठवडे अंधार होता. आत्यानें त्या दिवसांत रॉकेलच्या चिमणीवर काढलें. पुतण्याचें म्हणणें असें, कीं अशा वेळीं केवळ विजेची गाडी उभीच राहते, पण हिच्यांत पेट्रोल असतें. इतकेंच नव्हे, तर जपानांत अशी गाडी घरालाच वीज देते. हें त्याचें म्हणणें खरें आहे. २०१३ सालीं आलेल्या आउटलँडरमध्यें पंधराशें वॉटचा प्लग ठेवलेला होता, आणि सप्टेंबर २०१९ च्या तुफानांत चिबा प्रांताची वीज गेली तेव्हां मोटार कंपन्यांनीं अशा गाड्या तेथें धाडून लोकांचे पंखे व फोन चालविले. परंतु तो गुण प्रत्येक प्लग-इन हायब्रिडमध्यें नसतो. मुलाच्या गाडींत तो नाहीं. आणि वादळाच्या दिवसांत आमची गाडी असणार पुण्यांत, आत्या असणार हरिहरेश्वरीं, आणि मधल्या रस्त्यावर झाडें पडलेलीं. तेव्हां त्या पैशांत आत्याच्या कौलांवर सौर पट्ट्या आणि एक घरगुती बॅटरी बसवावी, असें मीं सुचविलें. दादांनीं मान हलविली. त्यांची मान हलली म्हणजे तें झालें असें नव्हे, पण विरोध नाहीं एवढें समजतें.

राहतां राहिले वीस गुंठे. मी कबूल करतों कीं हिशेबांत भावना मिसळूं नये हें माझें नेहमींचें म्हणणें येथें मला पाळतां आलें नाहीं. सुपारीचीं झाडें पावणेतीन मीटरांच्या अंतरानें लावतात. वीस गुंठ्यांत पावणेतीनशेंच्या आसपास बसतात. लावल्यापासून फळ धरावयास पांच ते सात वर्षें लागतात. वादळानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यांत रोपें लावलीं असतीं तर आज तीं मोहरावर असतीं. आम्ही लावलीं नाहींत. दरवर्षीं कोणीतरी "पुढच्या वर्षीं" म्हटलें, आणि आत्या एकटी चौऱ्यायशीं वर्षांची. ती दोन गड्यांच्या हातीं उरलेली निम्मी वाडी सांभाळते आहे. श्रीवर्धनास कोंकण कृषि विद्यापीठाचें सुपारी संशोधन केंद्र आहे, रोपांची माहिती तेथें मिळते, वाट अर्ध्या तासाची. जमीन पडकी होती ती वादळामुळें नव्हे, आमच्यामुळें. तिची किंमत आली ती मात्र लगेच आम्हांस दिसली.

घरची बैठक दोन रविवार चालली. पुतण्या रागावला, आणि त्याचा राग मला समजतो. आईची प्रदक्षिणा हुकली, ही गोष्ट माझ्या कोणत्याही आंकड्यानें भरून येत नाहीं. मीं त्याला एवढेंच दाखविलें, कीं ती हुकली ती गाडी आपली नव्हती म्हणून नव्हे; एका दिवसाच्या बोलीनें अकरा माणसें नेण्याचा हट्ट आपला होता म्हणून. महिन्यास एक लाख सत्तर हजारांच्या जागीं, वर्षांतून चार वेळां तीन-तीन दिवसांच्या बोलीनें दोन चांगल्या गाड्या भाड्यानें घेतल्या आणि आदल्या संध्याकाळींच त्या दारीं आणून उभ्या केल्या, तरी वर्षाचा खर्च त्या एका महिन्याच्या आंकड्याच्या पलीकडे फारसा जात नाहीं. त्यावर तो म्हणाला, "काका, तुम्ही नेहमीं नाहीं म्हणण्यासाठींच हिशेब करतां." वहिनी मध्येंच म्हणाल्या, "अरे, हो म्हणावयास हिशेब लागतच नाहीं." त्या बैठकींत त्या एवढेंच बोलल्या.

अखेर वीस गुंठे विकावयाचे नाहींत असें ठरलें. मृगानंतर रोपें लावावयाचीं, खड्डे त्याआधीं काढून ठेवावयाचे. पुतण्यानें ठिबकच्या नळ्यांचा आराखडा स्वतः करून दिला आहे. त्याला गाडी घ्यावयाचीच असेल तर ती त्यानें स्वतःच्या पगारांतून, स्वतःच्या नांवावर, रोजच्या कामास शोभेल अशी घ्यावी. त्यास कोणाची हरकत नाहीं. कंपनी त्याला लीज देते आहे, असें परवां तो म्हणाला. प्लगची तार पिशवींतून बाहेर काढीन असें वचन मीं त्याच्याकडून घेतलें आहे.

दर्शनाचा बेत पुन्हां केला आहे. तारीख विचारावयास आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "पुनवेच्या सुमारास येऊं नका रे, ऐन दुपारीं भरती असते. अष्टमी-नवमीला या, म्हणजे अकरा-बाराला पाणी मागें असतें, मुलीला सावकाश चालतां येईल." मुलगी म्हणजे आमच्या वहिनी. दोन रात्रीं राहणार आहों असें मीं सांगितलें. मग तिनें जरा थांबून विचारलें, "त्या गाडीला प्लग लागतो ना रे? तर गिझरचा मोकळा करून ठेवतें. अंघोळीचें पाणी बंबांत तापवूं." ती गाडी येत नाहीं, असें तिला सांगावयाचें राहूनच गेलें.